मागची सीट

तुकोजीअण्णा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन बघत. आम्ही बसवनगुडीत त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा मी ओळख म्हणून लाडू घेऊन गेले. अण्णांनी लाडवांकडे पाहिलंही नाही. पितळी डबा तळहातावर तोलत म्हणाले, "स्वल्प जड आहे की हो डबा. पुण्याचा?" मी नुकतीच लग्न होऊन पुण्याहून आलेली. ही कुठली मराठी, असं मनात आलं. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात राहिलेल्या घरांत अशीच बोलतात, हे हळूहळू कळलं, आणि पुढे माझ्याही तोंडी 'स्वल्प' बसला.

अण्णा एका कचेरीत नकाशे काढत, पण त्यांचा जीव अंगणातल्या मोटरसायकलीत. ती विलायती, शर्यतीच्या जातीची. मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबानं विकलेली, त्यामुळे अण्णांकडे आली तीच उतारवयात. हेब्बाळच्या पुढे एका जुन्या धावपट्टीवर दरवर्षी शर्यती होत. तिथं एकदा तरी पहिल्या तिघांत यायचं, एवढंच त्यांचं मागणं. नवे भाग विलायतेहून मागवणं परवडणारं नव्हतं. "लावायला पैसे पडतात," ते म्हणत, "काढायला काय पडतं? एक पाना पुरे."

मग काढणं सुरू झालं. हँडल उलटं बसवलं, म्हणजे टाकीवर ओणवं होऊन वारा चुकवता येतो. मडगार्ड गेले, भोंगा गेला. लोखंडी पट्ट्यांना हाताच्या ड्रिलनं भोकं पडली. "उद्या माझ्या तव्याला पाडाल," त्यांच्या पत्नी सुंदराक्का म्हणाल्या. "तवा कुठं पळणार आहे?" अण्णांचं उत्तर तयार. सायलेन्सरच्या पोटातली जाळी काढली त्या सकाळी माझं तान्हं बाळ दचकून उठलं. मी तणतणत कुंपणापाशी गेले. अण्णांनी ऐकून घेतलं, "सरी" म्हणाले, म्हणजे 'बरं', आणि त्या दिवसापासून रोज गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेऊन मगच चालू करू लागले. असा माणूस. शेवटी हत्यारांची पेटीही जड म्हणून उतरली. उरला तो एक पाना, शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी.

आणि मग मागची सीट गेली. अक्कांची आई हेब्बाळला तळ्याजवळ राहायची, अंथरुणाला खिळलेली. हेब्बाळ तेव्हा खेडंच. दर शनिवारी अण्णा अक्कांना मागं बसवून तिकडे नेत. "शर्यत झाली की लावतो," ते म्हणाले. शर्यत झाली, तिघांत काही आले नाहीत. "आता पुढच्या वर्षी." अक्का बस बदलून, उरलेलं चालत जाऊ लागल्या. गुडघे दुखायचे. दर शनिवारचं महिन्यावर गेलं. त्या भांडल्या नाहीत. एकदा तांदूळ निवडताना मला म्हणाल्या, "त्यांचं सगळं हलकं झालं, सुमा. जड तेवढी मीच राहिले." मला अण्णांचा फार राग आला.

पुढच्या शर्यतीच्या सकाळी अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या. "तुम्ही त्याच वाटेनं जाणार. सीट लावा, मला अम्माच्या दारात सोडा. तिथं काढा आणि जा." अण्णांनी पाना घेतला, सीट लावली.

संध्याकाळी दोघं परतले, तर सीट जागच्या जागी. "पाना घरी राहिला," अण्णा गल्लीभर हसत सांगत होते. "सीटसकट पळालो. शेवटून दुसरा!"

"तिथं कुणाकडे मिळाला नाही?" मी विचारलं. अण्णा फडक्यानं टाकी पुसत राहिले.

ती सीट पुन्हा निघाली नाही, आणि अण्णा शर्यतीत उतरले नाहीत. भोकं पाडणं मात्र चालूच होतं. आई असेपर्यंत अक्कांचा एक शनिवार चुकला नाही.

काही वर्षांनी अण्णा गेले, अचानक. दिवस झाल्यावर मी अक्कांजवळ बसले होते. त्यांनी फळीवरून डबा काढला आणि त्यातून तो पाना. तेल लावून पुसलेला.

"हाच ना त्या दिवशी घरी राहिलेला?" मी म्हटलं.

"घरी कुठला, सुमा. अंगातल्या स्वेटरला खिसा नव्हता, म्हणून निघताना त्यांनीच माझ्या पिशवीत ठेवला होता. अम्माच्या दारात मी उतरले, तर यांनी हात पुढं केला, 'पाना?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, घरी राहिला."

"मग?"

"मग काय. पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. 'सरी,' म्हणाले, 'असू दे स्वल्प जड.' आणि गेले तसेच."