सलीमभाईंचा पाहुणा

मंडळी, आज दुपारी नळदुर्गजवळ ट्रकला चुकवताना आमची गाडी दुभाजकावर चढली. कुणाला लागलं नाही, गाडीचं तोंड मात्र गेलं.

मी बियाणं विकतो. दुकानं फिरायला कित्येक वर्षं सलीमभाईंचीच गाडी भाड्यानं घेतोय, चालवतातही तेच. गाडीचा विमा मात्र घरगुती वापराचा. भाड्याचं कळलं, तर भरपाई मिळत नाही. म्हणून आपल्याकडं गाडीत बसतानाच ठरतं: कुणी विचारलं, तर पाहुणे म्हणायचं.

गॅरेजवर विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. मागच्या सीटवरच्या बियाण्याच्या पिशव्या बघून त्यानं मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"सलीमभाईंचा पाहुणा."

"बरं. मग त्यांच्या पोरांची नावं सांगा."

इतकी वर्षं शेजारी बसलो, एका ताटात भजी खाल्ली. एकही नाव येईना. पोरं किती, हेही ठाऊक नव्हतं.

शेवटी सलीमभाईच त्याला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. भाडंच हाय हे."

गाडी गॅरेजवरच ठेवून आम्ही एसटीनं परत निघालो. धाराशिव आलं तसं मी त्यांना पोरांची नावं विचारली.

"आता कशाला?" म्हणाले आणि उतरले.