चष्मेवाल्यांची समसमान वाटणी

उजव्या डोळ्याला एक नंबर, डाव्याला दुसरा, हे चष्मेवाल्यांचं दिवसभराचं काम. माणसाचे दोन डोळेसुद्धा सारखे नसतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण दुकानाचं शटर ओढून हा गृहस्थ घरी आला की त्याच्या अंगात न्यायाधीश संचारायचा. घरात दोन मुली, आणि दोघींना सगळं समसमान. केक कापताना चष्मेवाले एक डोळा मिटून अंदाज घ्यायचे. मोठीला ताप आला म्हणून तिला गोष्ट वाचून दाखवली, तर धाकटीलाही तेवढीच पानं वाचून दाखवायची, ती ठणठणीत असली तरी.

मुलींवरच थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. पण हा न्याय वस्तूंनाही लागू होता. छत्र्या दोन, एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या. आज ही घ्यायची, उद्या ती. एकीनं राबायचं आणि दुसरीनं खुंटीवर आराम करायचा, हे त्यांना पटतच नसे. मग दोन्ही छत्र्यांच्या काड्या एकाच आठवड्यात निखळायच्या आणि चष्मेवाले ओलेचिंब होऊन घरी यायचे.

"अहो, एक वापरा आणि एक ठेवा," असं बायको सांगून थकली. ती शाळेत गणित शिकवायची. नवऱ्याचा हिशेब कुठे चुकतो हे तिला स्वच्छ दिसत होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

फोटोंची हौस मात्र चष्मेवाल्यांना भारी. मोठीच्या वेळी रिळाचा कॅमेरा होता, त्यामुळे तिच्या पहिल्या चार वर्षांचे जाडजूड अल्बम कपाटात बसले होते. धाकटी जन्मली त्याच वर्षी डिजिटल कॅमेरा आला आणि पुढचं सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं. छापून आणू, छापून आणू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. कॉम्प्युटर कुरकुरायला लागला तेव्हा त्यांनी दोन हार्ड डिस्क आणल्या. एक बिघडली तर दुसरी आहे! इथवर शाबासकी द्यायला हरकत नाही. पण आणल्या त्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून, जुळ्या बहिणींसारख्या. पुढे दर रविवारी दोन्ही जोडायच्या, दोन्हींवर फोटो चढवायचे, आणि बघायचे झाले तर थोडे हिच्यावरचे, थोडे तिच्यावरचे. ठेवायच्याही एकाच फळीवर, शेजारी शेजारी. एकीला एकटं वाटू नये म्हणून असेल.

मुली मोठ्या झाल्या, आपापल्या घरी गेल्या. धाकटीला मुलगी झाली आणि एके दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, सासूबाई येईल त्याला सांगतायत, बाळ सगळं आमच्या घरावर गेलंय म्हणून. माझे एवढीशी असतानाचे फोटो काढून ठेवा. शनिवारी बाळाला घेऊन येतेय. दाखवतेच त्यांना!"

चष्मेवाल्यांनी मोठ्या उत्साहात पहिली डिस्क जोडली. आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. असू दे, दुसरी आहे की. दुसरी जोडली, ती जरा घरघरली आणि गप्प झाली. त्यांनी वायर बदलली, फुंकर मारली, शेवटी खिशातलं काचा पुसायचं मऊ फडकं काढून डिस्क पुसलीसुद्धा. मग दोन्ही पिशवीत घालून त्यांनी दुरुस्तीचं दुकान गाठलं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंनी दोन्ही डिस्क उलट्या करून बघितल्या.

"एकाच लॉटमधल्या आहेत. एकदमच घेतल्या होत्या का?"

"हो."

"आणि वापरल्यासुद्धा सारख्याच?"

"अगदी सारख्या!" चष्मेवाले छाती फुगवून म्हणाले. त्या बाईंनी कपाळाला हात लावला, तशी छाती हळूहळू खाली आली.

"काका, आत तबकडी फिरत असते. आज ना उद्या झिजायचीच. सारखी घडण, सारखं काम, मग दम पण बरोबरच सुटतो कधी कधी. दुसरी डिस्क वेगळ्या कंपनीची घ्यायची आणि घराबाहेर कुणाकडे तरी ठेवायची. ठेवा इथे, बघते काय निघतंय."

शुक्रवारी त्या बाईंचाच फोन आला. आतल्या तबकड्यांवर ओरखडे होते. काहीही निघालं नव्हतं.

बायको शाळेतून आली तर नवरा कपाटासमोर फतकल मारून बसलेला. समोर रिकामी बॅग, आणि मोठीचा एकेक अल्बम तिच्यात कोंबणं चाललेलं.

"हे काय आता?"

"माळ्यावर टाकतो. धाकटीचं लहानपण गेलं, तर मोठीचंही दिसायला नको. निदान सारखं तरी होईल."

बायकोला हसू आलं. पण नवऱ्यानं चष्मा काढला तेव्हा त्याचे डोळे भरलेले दिसले आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

"जन्मभर तोलून मापून वागलो गं," तो म्हणाला, "आणि एका पोरीच्या हातात काहीच ठेवलं नाही मी. उद्या तिला काय सांगू?"

ती त्याच्याशेजारी खाली बसली.

"मावशीकडे आहेत," ती म्हणाली. मुलींची मावशी, म्हणजे हिची बहीण, दूर दुसऱ्या देशात असायची. "मी मेल करायचे तिला. वर्षानुवर्षं. धाकटीचे फोटो."

"आणि मोठीचे?"

गणिताच्या बाईंनी बॅगेतला एक अल्बम काढून परत कपाटात ठेवला.

"नाही पाठवले. तुम्हाला कळलं असतं तर दोघींचे मोजून पाठवायला लावले असते तुम्ही. मोठी सगळी तुमच्यावर गेलेली. धाकटीत मला मी दिसायचे. आवडायचं मला ते, बस."

माझ्या घरात, माझ्या नाकाखाली असा पंक्तिप्रपंच! चष्मेवाल्यांना कडकडून रागवायचं होतं आणि त्याच वेळी बायकोला मिठी मारायची होती. यातलं आधी काय करावं हे न सुचल्यामुळे ते नुसतेच बसून राहिले. मग उठून त्यांनी मावशीला फोन लावला. मावशीनं सगळं जपून ठेवलं होतं, ते तिनं लगेच परत पाठवलं.

शनिवारी धाकटी आली. पडद्यावर ती स्वतः, पाळण्यात मूठ चोखताना. मांडीवर बाळ, तेही मूठ चोखताना. "बघा! बघा नाक! आता बोलू दे सासूबाईंना!" तिनं लगोलग मोठीला व्हिडिओ कॉल लावला आणि मावशीची सगळी हकीकत एका दमात सांगून टाकली.

"अय्या, केवढे आहेत!" मोठी म्हणाली. "आई, मग माझेही पाठवले असशील ना? ते दाखव की."

आईला एकाएकी बाळाचं दुपटं सारखं करायचं सुचलं. आणि जो माणूस वाटणीच्या बाबतीत उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता, तो घसा खाकरून पुढे झाला.

"तुझे मी पाठवत होतो. तेवढेच, अगदी तेवढेच. पण मावशीनं ते वेगळ्या डिस्कवर ठेवले होते. ती डिस्क गेली बिचारी."

मोठी पडद्यावर जरा पुढे सरकली.

"बाबा, तुम्ही पाठवले असतेत तर दोघींचे एकाच मेलमध्ये, जोडीनं पाठवले असतेत. वेगळे झालेच नसते ते."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आईनं दुपट्यातून मान वर केली नाही.

"आई," मोठीचा आवाज जरा ओला झाला. "राग आला मला थोडा. खोटं कशाला बोलू? पण हिचे फोटो वाचले, ते बरंच झालं. आता ऐक. बाळाचे फोटो काढशील ते मला पाठवायचे. फक्त मला. मावशीला नाही, कुणाला नाही."

"पाठवते हो," आई म्हणाली.

"फक्त तुला कसे? धाकटीलाही तेवढेच—" चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं.

"अहो, तुम्ही गप्प बसा," आई आणि दोन्ही मुली एका सुरात म्हणाल्या.

आणि चष्मेवाले खरंच गप्प बसले.