वन्समोअर

ऐंशीच्या दशकात चंद्रपुरात आम्ही समाजकार्य शिकत होतो, म्हणजे पंख्याखाली बसून गरिबी शिकत होतो. दर हिवाळ्यात आमचे प्राचार्य वडशाकडच्या खेड्यातून एका बाईंना जीपने आणवायचे. त्यांचं नाव कुणी विचारलं नाही. त्या आमच्या 'लाभार्थी'. गळ्यात हार पडला, की पदर सावरून त्या नवऱ्याचं मरण सांगायच्या. आलापल्लीच्या जंगलात तोडलेला साग त्याच्या अंगावर पडला होता.

एका वर्षी सुरू करण्याआधी त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, औंदा रडून सांगू का साधंच?"

"जसं येईल तसं," प्राचार्य म्हणाले, "पण मागच्या वर्षीसारखं."

बाई रडल्या. आम्ही माना डोलावत लिहून घेतलं. मग डोळे पुसून त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली, तोच नागपूरचे पाहुणे उशिरा पोचले.

"बाई, पाहुण्यांसाठी पुन्हा एकदा!" प्राचार्य म्हणाले.

बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आमच्या वडशाच्या नाटकात वन्समोअर आला तं बक्षीस भेटते, सर. इथी काय देता?"

प्राचार्यांनी बाईंच्या गळ्यातला हार काढला आणि टाळ्यांच्या गजरात तोच पुन्हा घातला.