मावशींना दिलेलं उत्तर

आमच्याकडे बाळंतपणानंतर वार पुरतात हे मला ठाऊक होतं. माझी वार आईने घरामागच्या परड्यात पुरली होती. ती जागा ती अजून दाखवते. तरीही नेरूळच्या प्रसूतिगृहात बायकांना वाचून दाखवायचं, वार संशोधनाला देण्याचं संमतिपत्र मराठीत लिहिताना मी वारेला ‘प्रसूतीनंतर टाकून दिला जाणारा भाग’ म्हटलं. भाषा सोपी झाली म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी कौतुक केलं. घरातली पहिली पदवी माझी. तेवढ्या कौतुकानेही मला भरून येई.

आमच्या प्रयोगशाळेचं काम थोडक्यात असं. बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला परकं. तरी आईची प्रतिकारशक्ती त्याला हाकलत नाही. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि शरीर त्यांना शिरू देतं. कॅन्सरच्या पेशीही अशाच शिरतात. फरक इतकाच, की वारेच्या पेशी एका जागी थांबतात, कॅन्सरच्या थांबत नाहीत. त्या कशाने थांबतात ते आम्ही शोधतो. त्यासाठी ताजी वार बर्फात आणायची, धुऊन कात्रीने बारीक करायची, पेशी वेगळ्या करून ऊबदार पेटीत ठेवायच्या. उरलेलं पिवळ्या पिशवीत जातं आणि दुपारी कचऱ्याची गाडी ते नेते.

पावणे गावच्या एका सुनेने सही करून वार दिली. तिची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. ही मुलगी जिवंत जन्मली, पण दिवस भरण्याआधी, आणि दूध ओढेना, म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सासू स्टीलचा डबा घेऊन वार मागायला आली. नर्सने तिला माझ्याकडे पाठवलं. वार पुरली नाही म्हणून नात पीत नाही, असं तिचं ठाम म्हणणं. सुनेने सही केल्याचं मी सांगितलं.

“सई तिची,” ती म्हणाली. “वार माजे नातीची हाय.”

पिशवी तर आदल्या दुपारीच गेली होती. तिला थोडं बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, “मावशी, सगळी नाही गेली. थोड्या पेशी आमच्याकडे जिवंत आहेत.”

ती खुर्चीत बसली. “जिती हाय?”

“हो.”

“मंग पोरगी पन जगल.”

तेव्हाच तिला अडवायला हवं होतं. या पेशी काचेच्या बशीत वाढत नाहीत. पाच-सहा दिवसांत मरतात, आणि त्यांचा बाळाशी काही संबंध उरलेला नसतो. दुसऱ्या दिवशी फोनवर मी हे सारं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते तुमचं शिकलेल्यांचं, मना येवरंच सांग, जिती हाय ना?

रोज दहाला बाळाच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावरून तिचा फोन यायचा. मी पेशींचं पोषकपाणी ठरल्यापेक्षा जास्त वेळा बदलू लागले. त्याने प्रयोग बिघडतो आणि पेशीही वाचत नाहीत, हे मला कळत होतं. तरी बदलत होते.

सहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशी गोल होऊन तरंगत होत्या. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसत म्हणाला, “काय गं, मावशींचा पेशंट गेला का?” तेवढ्यात फोन वाजला. नातीचं वजन उतरलं होतं, नळीने दूध चालू केलं होतं. मावशींचा आवाज बसला होता.

“जिती हाय ना, पोरी?”

“आहे, मावशी.”

वहीत मी ‘पेशी मृत’ लिहिलं आणि बशीत ब्लीच ओतलं.

पुढच्या आठवड्यात नात घरी गेली. आता बालवाडीत जाते. मावशींचे फोन थांबले नाहीत. नातीला ताप आला, ती पडली, की आधी मला विचारतात, जिती हाय ना? मी विनवते, आधी डॉक्टरकडे जा. “डाक्टरकरं जातंवच. आदी तू सांग.” एकदा सगळं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आता खरं सांगायची सोय राहिली नाही.

गेल्या आठवड्यात नातीला न्यूमोनिया झाला, सलाईन लावलं. सकाळपासून मावशींचे तीन फोन आले. तिन्ही वेळा मी सांगितलं, जिती आहे.