लॉककाकांचा शब्द

लॉककाका कुणाच्याही घरी गेले तरी आधी तोटा सांगत. "बोटींचा धक्का वाढला की तुमच्या खिडकीतून पाणी दिसणार नाही," ही त्यांची सुरुवात. फायदा कॉफी झाल्यावर. त्यामुळे लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत. मीही ठेवला.

नागपूरचे हे इंजिनिअर उभं आयुष्य कालव्यावर, जहाजांना वर-खाली करणाऱ्या लॉकवर नोकरी करून कॅनडात रिचमंड हिलला रिटायर झाले होते. बॉर्डरच्या पुलावर तुंबलेले ट्रक त्यांना बघवत नसत. "अगं, शेजारी एवढं पाणी असताना माल रस्त्यावर का रखडतोय?" सरोवरापलीकडे अमेरिकेत बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटींनी, माल न्यायची योजना त्यांनी एका कंपनीच्या गळी उतरवली आणि बार्जचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर लिहायला मला ओढलं. मी पुण्याहून आले तेव्हा विंटर टायर्स कुठले घ्यायचे इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं होतं. त्यांना नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

सरोवराकाठच्या गावात, नव्या धक्क्याशेजारी मार्गारेटची होड्या दुरुस्त करायची शेड होती. जागा गावाची, पण तिनं विरोध केला असता तर गावानं परवानगी दिली नसती. काका म्हणाले, "तू जा. शेडला हात लागणार नाही म्हणून सांग. तुमची ओळख आहे, तुझं ती ऐकेल."

मी तिच्या किचनमध्ये बसून तसं सांगितलं. तिनं संमतीपत्रावर सही केली.

परवानगी मिळाल्यावर नकाशा हाती आला. शेडच्या जागी कंटेनरचं यार्ड. खाली काकांची सही, आणि तारीख मी मार्गारेटकडे गेले त्याच्या दोन महिने आधीची.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

ते शांतपणे म्हणाले, "सांगितलं असतं तर गेली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच. एका शेडपायी केवढं काम अडलं असतं."

बार्ज आता चालतात. पुलावरचे ट्रक खरोखरच कमी झालेत. ते खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मार्गारेटला मीच जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं, हे मी मानते. पण सही मी तुझ्याकडे बघून केली होती."

शेड रिकामी करायच्या दिवशी मी गेले. तिनं जड बाकाचं एक टोक माझ्याकडे केलं. तेवढ्यात काकांचा फोन आला. "मी येऊ का हात लावायला?"

"नको, काका."

मी फोन खिशात ठेवला आणि बाक उचलला. त्यानंतर काका आणि मी बोललेलो नाही.