राहिलेला सांगावा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेवळं साफ केली. म्हणजे बायको करत होती, मी व्हिडिओ काढायला मोबाइल धरून बसलो होतो. शेवळं ही आमच्याकडची रानभाजी. पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येते, थोडे दिवस मिळते आणि संपते. नीट केली नाही तर घसा असा खाजतो की माणूस रडकुंडीला येतो.

"तोंड नका घेऊ माझं, निसते हात घ्या," ती म्हणाली.

"तुझं तोंड बघायला कोण बसलंय गं?"

"हायत की. तुमच्यापेक्षा जास्त माणसं हायत मला."

तिने एकेक शेवळ उकललं, आतला पिवळा भाग काढून टाकला, बाकीचं बारीक चिरलं. खाज मारायला काकडाची आंबट फळं लागतात. ती घरात नव्हती. "काकडं उद्या आणते, पुढचं उद्या दावते," असं मोबाइलला सांगून तिने ते पाठवून दिलं. पहाटे ती उठली नाही. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाला. चिरलेली शेवळं टोपलीत काळी पडली. ती कुणी फेकली ते मला ठाऊक नाही.

हे मोबाइलचं वेड आमच्या लेकीने लावलं. ती कर्जतला भिसेगावात दिलेली आहे, कॉम्प्युटरचं काम करते. मी चौथी शिकलेलो, मला समजेल असं तिने एकदा सांगितलं. "फोटो-व्हिडिओ टाकायचं बाकीचं सगळं एका मालकाचं असतं बाबा, तो म्हणेल ते बघायचं. हे जाळं आपल्या गावांसारखं हाय, कुणा एकाचं नाय. लोधिवलीची गावकी वेगळी, साजगावची वेगळी, नियम आपापले. पण येणंजाणं, सोयरीक सगळीकडे."

आमची बाई त्या मोबाइलमधल्या गावांतून हिंडली. एका ठिकाणी नुसतं बोलायचं, एका ठिकाणी फोटो, एका ठिकाणी व्हिडिओ, आणखी एका ठिकाणी झाडपाल्यावरून भांडणारी माणसं. एका गावचा नियम होता, फोटोखाली काय दिसतंय ते लिहायचंच, आंधळ्या माणसालाही कळलं पाहिजे. तो नियम तिला फार आवडला. "सुपात शेवळं, जांभळी, वांग्यापेक्षा काळी," असं एकेक अक्षर शोधत लिहीत बसायची, आणि माझा चहा निवायचा. एक गाव तर मोडलंच. चालवणारा आपल्या घरातल्या मशिनवर चालवत होता, त्याला झेपेना. तिने बिऱ्हाड दुसरीकडे हलवलं. ओळखीची माणसं मागोमाग आली, जुने फोटो मात्र गेले. तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. मला हसू आलं होतं.

आमच्यात माणूस गेलं की सांगावा जातो. आता फोन आहेत, तरी तिच्या माहेरी साजगावला माणूसच पाठवला. सांगावा चुकला की लोक जन्मभर बोलून दाखवतात. सगळ्यांना गेला. तेराव्याला माणसं जेवून गेली, आणि संध्याकाळी लेक आईचा मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसली.

"बाबा, इथं कुणाला सांगितलंच नाय."

तिने वाचून दाखवलं. नाशिककडची कुणी बाई होती, आम्ही कधी न पाहिलेली. तिने व्हिडिओ बघून बाजारातून शेवळं आणली होती. 'आजी, चिरून ठेवलीत, पुढे काय?' मग, 'आजी, थांबले नाही, तशीच केली, सगळ्यांचे घसे खाजतायत.' मग काही दिवस काही नाही. आणि शेवटी, 'आजी, रागावलात का माझ्यावर?'

"तू लिही," मी म्हटलं.

"मला नाय जमत. आणि घरधन्यानं सांगायचं असतं."

"मग राहू दे. तिथं तरी हाय ती."

लेकीने मोबाइल माझ्या हातात दिला, पाठवायचं बटण दाखवलं. मग म्हणाली, "एक ध्यानात ठेवा. तुमी सांगितलं की ते त्या सगळ्या गावांत, ज्याच्या त्याच्या मशिनवर जाणार. उद्या वाटलं पुसावं, तर आपल्याकडचं पुसेल. बाकीचे पुसतील, न पुसतील."

म्हणजे सगळीकडे मेली होती ती, एवढी एक जागा सोडून. तिथे ती उद्या काकडं आणणार होती. मी बोट लावलं की तिथेही संपणार, आणि मागे घेता येणार नाही. लेक झोपायला गेली. मी ओटीवर बसून राहिलो. ती रागावणारी बाई नव्हती. माझ्यावर रागावायची, तो तिचा हक्क होता. पण दुसऱ्याच्या लेकीला ती रागावली असं वाटत राहावं, हे काही मला गिळेना.

सकाळी चौक गावच्या नाक्यावर गेलो. वाडीवरची म्हातारी शेवटची शेवळं घेऊन बसली होती. "कारभारीण नाय आली?" तिने विचारलं. तिलाही सांगावा नव्हता गेला. सांगितलं. तिने वाट्यात काकडं वरून घातली, आणि मान खाली घातली.

घरी येऊन मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला. तोंड घेतलं नाही, हात घेतले. शेवळं तिने केली तशी केली, जाडीभरडी झाली. मग बोललो.

"काकडं ठेचायची, बिया काढायच्या. पाण्यात कोळून ते पाणी गाळून शेवळात घालायचं, मग शिजवायचं. काकडं नसली तर चिंचेचा कोळ घाला. हे हात माझे हायत. ती गेली. ती कुणावर रागावली नव्हती."

लेकीने दाखवलेलं बटण दाबलं. मग कढई चुलीवर ठेवली, भाजी शिजवली, एका ताटात वाढून घेतली. घसा खाजला नाही. मीठ कमी पडलं होतं.