सटवानं गाळलेली ओळ

निजामाचा अंमल होता तेव्हा पाटोद्याजवळच्या एका माळावर सटवा मेंढरं राखायचा. बाप्तिस्म्यात त्याला सायमन नाव मिळालं होतं, पण ते फादरांपुरतंच राहिलं. वस्तीत ख्रिस्ती घरं मोजकीच. फादर घोड्यावरून यायचे तेही महिन्या-दोन महिन्यांनी. एरवी रविवारची प्रार्थना सटवा सांगायचा आणि बाकीचे मागून म्हणायचे. बुजरा माणूस, पण या कामात त्याचा फार जीव.

एका बाजाराला कचेरीतला कारकून राधाकिशन त्याला हसत म्हणाला, "काय बे सटवा, देवानं मातीचा माणूस केला म्हणून सांगत असतोस म्हणं? तुझ्या पाद्र्याच्याच मुलखातले शहाणे म्हणतात, माणूस वानरापासून झाला. हळूहळू, लाखो वर्षांत. विचार की त्याला!"

सटवा ते बोलणं डोक्यात घेऊनच घरी आला. त्या रविवारी त्यानं श्रद्धेच्या प्रार्थनेतली पहिलीच ओळ गाळली. स्वर्ग नि पृथ्वी देवानं निर्माण केली, ही ती ओळ. खोटं असेल तर लोकांकडून वदवून कसं घ्यायचं? पुढच्या रविवारीही गाळली. लोकांनी त्यानं सांगितलं तेवढंच म्हटलं. त्याची बायको सारजाबाई हिच्या मात्र ते ध्यानात आलं.

फादर घरी आले तेव्हा सटवा म्हणाला, "फादर, आता प्रार्थना दुसरं कुनी सांगू द्या. माझ्यानं न्हाई व्हायचं." आणि वानराचं सगळं सांगून टाकलं.

फादर बोलायच्या आत चुलीपाशी बसलेली सारजाबाई म्हणाली, "यांच्या आज्याची मेंढरं कबरी होती, फादर. पांढऱ्या ठिपक्याचा नर कळपात ठिवायचा न्हाई, असं करत करत आज समदा कळप काळा हाय. मंग मेंढरं बदलत हुती तवा देव काय घोंगडं पांघरून निजलता?"

"आगं, आमी निस्ता नर निवडला. जीव त्यानंच घातला की!" सटवा चिडून बोलला, आणि आपलंच बोलणं ऐकून थबकला.

फादर हसले. मग जपून म्हणाले, "जनावरं, झाडं हळूहळू घडली असतील, तरी घडवणारा तोच. माणसाच्या देहाबद्दल आमचे पंडित अजून भांडतात. रोमहून पोपचं सांगणं आहे, घाई करू नका. म्हणून मी हो म्हणत नाही. पण आत्मा जनावरापासून येत नाही, सायमन. तो ज्याला त्याला देव स्वतः देतो. तुला दिला, तसा राधाकिशनलाही."

"त्यालाबी?"

"त्यालाही."

वानराचं कोडं सटवाला पुरतं सुटलं असं नाही. ते त्याच्या मनात शेवटपर्यंत राहिलं. पण पुढच्या रविवारी तो उभा राहिला आणि त्यानं पहिली ओळ मोठ्यानं म्हटली. लोकांना गाळायची सवय लागली होती. त्यांनी एकदम दुसरीच ओळ धरली.

सटवानं हात वर केला.

"थांबा. पुन्यांदा म्हना. पयल्यापासनं."